पूल बंद, माहेर दूर

माझं सासर अंधेरी पूर्वेला आणि माहेर पश्चिमेला. मध्ये रेल्वेचे रूळ आणि त्यांच्यावरचा गोपाळ कृष्ण गोखले पूल. रिक्षात बसलं की पंधरा मिनिटांत आईच्या दारात! वडील गेल्यावर आई एकटी राहू शकली, ती या पंधरा मिनिटांच्या भरवशावर.

७ नोव्हेंबर २०२२ रोजी पूल बंद झाला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ३ जुलै २०१८ रोजी भर पावसात याच पुलाचा पादचाऱ्यांसाठीचा भाग रुळांवर कोसळला होता. जीव मुठीत धरून कुणाला पूल ओलांडायचाय?

पण मग जायचं कुठून? अंधेरीचा सबवे पावसात तुंबतो. नाहीतर पार्ल्याचा किंवा जोगेश्वरीचा पूल गाठायचा. पण तिकडे सगळी अंधेरीच लोटलेली. तासभर सहज जायचा. ‘पश्चिमेला’ म्हटलं की रिक्षावाले मान फिरवायचे. शेवटी मी डबा घेऊन स्टेशनच्या पुलावरून चालत जाऊ लागले. त्या गर्दीतून येणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. नातवाच्या वाढदिवसालाही ती येईनाशी झाली.

एका संध्याकाळी तिचा फोन आला, ‘दम लागतोय गं.’ मी वाहतुकीत अडकलेली असताना शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात पोचवलं. थोडक्यात निभावलं. पण रिक्षात बसून घालवलेला तो तास आठवला की अजून हातपाय गार पडतात.

२६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू उघडली, तर शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळेना! ते जोडायला जुलै उजाडला. पूर्ण पूल सुरू झाला ११ मे २०२५ रोजी. म्हणजे अडीच वर्षं! कामाच्या ठिकाणी ‘तात्पुरत्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ अशी पाटी असते. ऐंशीच्या घरातल्या माणसाला अडीच वर्षं तात्पुरती कशी वाटावीत?

पूल दुरुस्त व्हायलाच हवेत. मात्र ते बंद करण्याआधी रुग्णवाहिकेची वाट ठरलेली असावी, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या येण्याजाण्याची सोय व्हावी आणि पुलांच्या उंचीचा मेळ आधी कागदावरच बसावा.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातातली आहे. तुमच्या शेजारी कुणाची आई एकटी राहत असेल, तर तिच्या लेकीला तुमचा फोन नंबर आजच देऊन ठेवा.