डोंगर डाव्या हाताला

मुलुंडमध्ये सूर्य डोंगराआड बुडतो आणि बोरिवलीत तो त्याच डोंगराआडून वर येतो. मी मुलुंडची, त्यामुळे डोंगर म्हटलं की माझा हात आपोआप पश्चिमेकडे जातो. माझ्या बोरिवलीच्या मावसभावांचा हात पूर्वेकडे. लहानपणी यावरून आमची खरीखुरी भांडणं झाली आहेत. दोन्ही बाजूंना आपापल्या डोंगराचा अभिमान, आणि तो एकच आहे हे मोठ्यांपैकी कुणी कधी सांगितलं नाही.

सांगणार तरी कसं? मावशीकडे जायचं म्हणजे मुलुंडहून दादर, तिथला तो गर्दीचा पूल, मग पश्चिम रेल्वेने बोरिवली. बावीस-तेवीस किलोमीटर दक्षिणेला उतरायचं आणि तेवढंच पुन्हा उत्तरेला चढायचं. सरळ रेघ मारली तर दोन्ही स्टेशनांमध्ये जेमतेम बारा किलोमीटर. डब्यातल्या नकाशावर दोन रेषा शेजारी शेजारी धावतात आणि त्यांच्या मधली जागा कोरी असते. त्या कोऱ्या जागेत शंभर चौरस किलोमीटरांहून जास्त जंगल आहे, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, वारल्यांचे पाडे आहेत, बिबटे आहेत, दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला घेतलेली लेणी आहेत. कागदोपत्री ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आमच्याकडे नुसतं नॅशनल पार्क.

ही कोरी जागा भरायला मला सायकल लागली. चाळिशी उलटल्यावर गिअरची सायकल घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं, महिनाभरात ती बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या कामी येईल. तसं झालं नाही, कारण मला प्रदक्षिणेची चटक लागली. मुलुंड, ठाणे, घोडबंदर रस्ता, काशीमिरा, दहिसर, बोरिवली, गोरेगाव, आरे, पवई आणि भांडुपवरून पुन्हा मुलुंड. साठेक किलोमीटर. अख्ख्या जंगलाला एक फेरा. आता प्रदक्षिणा म्हटली की देव उजव्या हाताला हवा. पण आपली वाहनं रस्त्याच्या डावीकडून चालतात. डोंगर उजवीकडे ठेवला तर सबंध वाट तो दुभाजकापलीकडे राहतो आणि आपल्या वाट्याला दुकानं येतात. म्हणून आम्ही उलटे फिरतो, डोंगर डाव्या हाताला घेऊन. आमच्यातल्या एका शास्त्रोक्त गृहस्थांना हे पटत नाही. ते दर वेळी निषेध नोंदवतात आणि दर वेळी मागोमाग येतात.

ठाण्यात उपवन तलावापासून येऊरचा चढ सुरू होतो. प्रदक्षिणेच्या वाटेत तो नाही, मुद्दाम आत वळावं लागतं. मुलुंड-ठाण्याच्या सायकलवाल्यांची तालीम तिथे होते. वन खात्याचा नाका मागे पडला की रस्ता एकदम अंगावर येतो. पहिल्या वळणाला बोलणं थांबतं, दुसऱ्या वळणाला पुढची छोटी चकती लागते, आणि पुढे पुढे चेनचा आवाज कुठला आणि आपल्या श्वासाचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. उभं राहून पायडल मारणारे तरुण पुढे निघून जातात. मी बसूनच चढते. त्याचा फायदा असा, की कडेचं सगळं नीट दिसतं: ऐनाच्या खोडावरच्या सुसरीच्या पाठीसारख्या भेगा, फेब्रुवारीत पानं टाकून लालभडक झालेली काटेसावर, पावसाळ्यात कातळावरून वाहणारं पाणी. आणि कारवी. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. २०१६ साली फुलली होती, मग २०२४ साली. त्या मोसमात एरवी कोणाच्या लेखी नसलेली ती झुडपं जांभळी होऊन गेली आणि चढावर थांबायला आम्हाला मानाचं कारण मिळालं. दम लागला असं कबूल करण्यापेक्षा फोटो काढतोय म्हणणं केव्हाही बरं. पुढचा बहर २०३२ सालचा. गुडघे तोवर टिकवायचे आहेत.

येऊरहून उतरून घोडबंदर रस्त्याला लागलं की काव्य संपतं. ट्रक, कंटेनर, बांधकामांची धूळ, मेट्रोचे खांब. पण गायमुखपाशी डोंगर आणि खाडी एकमेकांच्या इतके जवळ येतात की रस्त्याला मधून अंग चोरून जावं लागतं. उजव्या हाताला वसईची खाडी, डाव्या हाताला झाडीची भिंत. हा घाट लहान आहे, पण त्यातले खड्डे लहान नाहीत. पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा चालक आणि आपण, दोघंही एकाच खड्ड्याला चुकवायला एकाच बाजूला सरकतो, तेव्हा भक्ती जागी होते. पुढे घोडबंदरचा किल्ला. पोर्तुगिजांचा हा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. त्यांच्यासमोर एवढा ट्रॅफिक नव्हता.

दहिसरला आल्यावर नदी ओलांडायची. तिला नदी म्हणायला हल्ली धीर लागतो. पण ही दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते, जंगलातून येते, उद्यानाच्या बोरिवलीच्या दरवाज्याजवळून वाहते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. याच डोंगरातल्या विहार तलावाचं आणि खालच्या पवईचं जादा पाणी मिठी नदी होऊन माहीमला जातं. विहार १८६० साली बांधून झाला, तुळशी १८७९ साली, आणि आजही या दोन्ही तलावांचं पाणी मुंबईला मिळतं. ही माहिती शाळेत पाठ केलेली होती. सायकलवर ती मांड्यांत उतरली. जिथे पायडल थांबवूनही सायकल पळत राहते तिथून पाणीही पळत असणार, एवढा साधा हिशेब. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नि दहिसर या दोन्ही नद्यांनी आपापल्या जागा परत मागितल्या, तेव्हा लोक म्हणाले, इथे नदी होती हे माहीतच नव्हतं. या उपनगरांत चाळीस वर्षं गाडीने फिरलेल्या माणसाला अमुक रस्ता चढाचा आहे हेच ठाऊक नसतं, तो नदीचं काय सांगणार? अंधेरीची माणसं आपला भाग सपाट समजतात. एकदा भाजीची पिशवी हँडलला अडकवून पूर्वेकडे सायकल मारून बघा म्हणावं.

गोरेगावहून आरेत शिरलं की हवा बदलते. एप्रिलमध्येही कळते, अंगावरच्या घामाला पहिल्यांदा कळते. ही दुग्धवसाहत १९४९ साली वसवली, शहरातले म्हशींचे गोठे बाहेर काढायला. रस्ता खाली-वर होत जातो, लाटेवर बसल्यासारखं वाटतं: एका उताराच्या जोरावर पुढचा अर्धा चढ फुकट मिळतो, उरलेला अर्धा कमवायचा. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांहून अधिक झाडं रातोरात पडायला सुरुवात झाली, तेव्हा सायकलवाल्यांपैकीही पुष्कळ जण निषेधाला आले होते. आज मेट्रो धावते, लोक तिच्यातून सुखाने जातात, मीही जाते. तरी त्या बाजूने जाताना वेग आपोआप वाढतो. बघावंसं वाटत नाही.

आरेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे वाघोबा. वारल्यांचा हा देव, शेंदूर लावलेला. त्याच्या जागा आरेत आहेत, येऊरलाही आहेत. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. त्याच दिवशी पाड्यांवर वाघबारस असते. म्हणजे एका तिथीला गायीचीही पूजा आणि तिला खाणाऱ्याचीही. तबेले आणि बिबटे दोन्ही नांदवणाऱ्या आरेइतकी या तिथीला साजेशी जागा मला माहीत नाही. बिबट्यांबरोबर कसं राहावं यावर शहरात आता शिबिरं होतात, पत्रकं निघतात, आणि ती हवीतच. अंधार पडायच्या आत बाहेर पडा, घोळक्याने जा, पोरांना एकटं सोडू नका. पाड्यावरच्या आजीही हेच सांगतात, वर नारळ वाढवतात.

आता या डोंगराच्या पोटातून बोगदे चालले आहेत. ठाणे ते बोरिवली ११.८ किलोमीटरचा रस्ता, त्याची पायाभरणी जुलै २०२४ मध्ये झाली. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे वेगळे. मुलुंड-बोरिवलीमधली ती सरळ रेघ अखेर मारली जाणार. रोज घोडबंदर रस्त्यावर दीड-दोन तास घालवणाऱ्याला बोगदा नको म्हणायचा अधिकार मला नाही, मला तर रविवारी हौसेने जायचं असतं. फक्त एवढंच वाटतं, की जमिनीखालून गेल्यावर ती जागा नकाशावर पुन्हा कोरीच राहील. सायकलींना तिथे कोणी सोडेल असं वाटत नाही. आणि सोडलं तरी डाव्या हाताला काय, तर काँक्रीट.

कान्हेरीसाठी मी वेगळा दिवस ठेवते. सोमवार सोडून, कारण सोमवारी उद्यान बंद. बोरिवलीच्या दरवाज्याशी तासावर सायकली मिळतात आणि त्या घेऊन निघालेली पोरं पहिल्या सपाटीवर घंटा वाजवत आपल्याला मागे टाकतात. लेणी दरवाज्यापासून सहाएक किलोमीटर. शेवटच्या खड्या चढावर तीच पोरं सायकली ढकलत चाललेली भेटतात. वाटेत काकडी-कैरी घेऊन बसलेल्या बायका हा तमाशा रोज बघत असाव्यात, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण मीठ-तिखट लावताना एकीने मला विचारलं, “बस असते ना गं बाई वर जायला?”

वर शंभराहून जास्त लेणी. पायऱ्या, ओटे आणि पाण्याची टाकी. कातळात खोदलेली ही पोढी डोंगराचं पाणी अजून धरून ठेवतात. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत: सोपाऱ्याचे, कल्याणचे व्यापारी, सोनार. नंतरचे पाहुणेही नोंद ठेवून गेले. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी मंडळींनी १००९ आणि १०२१ साली आपली नावं कोरून ठेवली आहेत. मला ती वाचताना १९२३ चे पारशी तरुण आठवतात, जे त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईहून सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली फेरी पुरी करून परतले. गिअर नसलेल्या सायकली, आणि वाटेत वाळवंट.

पण माझा आवडता शिलालेख एका ओळीचा आहे. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट दान दिली, बस. व्यापाऱ्यांनी लेणी दिली, टाकी दिली. या लोहाराने चालायची वाट दिली. कल्याणहून तो इथवर पायी आला असणार, चढावर त्यालाही दम लागला असणार, आणि मग त्याला सुचलं असणार की इथे लोकांना काय हवं आहे. हे सगळे माझे तर्क. शिलालेखात फक्त नाव, गाव, धंदा आणि दान.

हे मी तिथेच, लेण्यांपाशी, आमच्या घाटकोपरच्या मित्राला सांगितलं. तो सायकली दुरुस्त करतो, लोखंडाशी त्याचंही रोजचं नातं. पंक्चरचं सामान खिशात चाचपत त्याने विचारलं, “ताई, किती लांबीची वाट होती?”

“ते लिहिलेलं नाही.”

“पैसे किती लागले?”

“तेही नाही.”

“फक्त नाव?” तो थोडा वेळ दगडाकडे बघत राहिला. “मग आपल्या गायमुखच्या घाटावर एकाने तरी असं नाव कोरून दाखवावं. मी स्वतः छन्नी घेऊन येतो.” एवढं बोलून तो खाली पाहू लागला, कारण त्याच्या कॅरिअरवरची केळी माकडाने केव्हाच पळवली होती.