गुळाची पट्टी

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली. तिथल्या गूळबाजारावर आमच्यासारखी कैक घरं जगली. आमच्या गुऱ्हाळावर धाकला आज्जा गुळव्या. भेंडीच्या चिकानं मळी काढावी ती त्यानंच. थोरला आज्जा रवे गाडीत भरून शाहूपुरीला न्यायचा, अडत्यानं दिलेली पट्टी आणि पैसे आणून थोरल्या आज्जीपुढं ठेवायचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण वाटे तीच करायची. आधी सोसायटी, मग बी-खत, मग माहेरवाशिणींची लुगडी. शेवटचा वाटा तिचा. तो बहुतेकदा रिकामाच.

एका साली दर पडला. धाकला म्हणाला, “वैनी, वाटण्या करूया.”

“आजच करूया की. पर चुलवाण एकच हाय, त्येचं दोन तुकडं कसं करशीला?”

पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

आता तिघंही नाहीत. गुऱ्हाळ मोडलं, ऊस कारखान्याला जातो, बिल ज्याच्या त्याच्या खात्यावर. घरात चार चुली झाल्या. तरी बिल जमा झालं की आई चारी घरांत विचारून येते, “पोरींच्या लुगड्याचं काढून ठेवलंसा न्हवं?”