पत्र कोण नेणार?



तिसरी-चौथीला पत्रलेखन शिकवताना आपण मुलांना हमखास विचारतो, "पत्र लिहिलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं. आता ते मामाकडे जाईल का?" मुलं जोरात "हो" म्हणतात. मग एखादा मागच्या बाकावरचा म्हणतो, "पेटीत नाही टाकलं तर कसं जाईल, बाई?" त्या पोराची आठवण मला यंदा फार झाली.

आमची शाळा दोन शिक्षकी. कार्यालयात एक जुना संगणक आहे, त्यावर उबुंटू टाकलंय. त्यात मी दोन वर्षं दुसरीच्या मुलांच्या वाचनाचे आवाज साठवत होते. जूनमध्ये अक्षर लावत लावत वाचणारं मूल मार्चमध्ये धडा घडाघडा वाचतं. दोन्ही आवाज पालकांना एकापाठोपाठ ऐकवले की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो! त्यांत एक मुलगी होती, आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीच्या आसपास ती जायची, हंगाम संपला की परत. तिचं वाचन दर वेळी तुटायचं आणि पुन्हा जुळायचं, आणि ते सगळं त्या आवाजांत होतं.

दुसरी प्रत रोज पेनड्राइव्हवर जावी म्हणून मी क्रॉनला काम लावून दिलं होतं. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी ठरलेलं काम करणारा संगणकातला शिपाईच समजा. रात्री संगणक बंद असतो, म्हणून वेळ मधल्या सुट्टीची ठेवली. पुढे एका प्रशिक्षणाला जाताना तो पेनड्राइव्ह मीच काढून नेला आणि जागी दुसरा लावला. त्याचं नाव वेगळं. प्रत जायची जागाच सापडेना. पाच महिने! मग हार्ड डिस्क गेली, आणि तेव्हा मला कळलं की पेनड्राइव्ह रिकामा आहे.

चूक माझीच. पण संगणकाने मला सांगितलं कसं नाही, हे काही मनातून जाईना. नवीन डिस्क लावल्यावर तीच चूक मुद्दाम करून पाहिली आणि नोंदवही, म्हणजे सिस्टिम लॉग, उघडली. त्यात एक ओळ होती: 'नो एमटीए इन्स्टॉल्ड, डिस्कार्डिंग आउटपुट'. मराठीत सांगायचं तर, पत्र नेणारा कोणी नाही म्हणून मजकूर टाकून देत आहे. क्रॉनच्या कामातून काही मजकूर, चूक बाहेर आली की तो मेल लिहितो. पाच महिने तो रोज दुपारी पत्र लिहीत होता आणि रोज ते फाडून टाकत होता. आमच्या गावाला पेटीच नव्हती.

एमटीए म्हणजे मेल ट्रान्सफर एजंट, मेल इकडून तिकडे नेणारा. युनिक्सच्या जगात यातला जुना आणि प्रसिद्ध म्हणजे एरिक ऑलमन यांनी बर्कलीत लिहिलेला सेंडमेल. तो म्हणजे अख्खं मुख्य टपाल कार्यालय! आपल्याला हवी फक्त भिंतीवरची लाल पेटी. मी डीएमए निवडला, ड्रॅगनफ्लाय मेल एजंट. तो बाहेरून येणारे मेल घेतच नाही, त्यामुळे दार उघडं राहण्याची भीती नाही. फ्रीबीएसडीनेही 2023 मध्ये आवृत्ती 14 पासून सेंडमेलच्या जागी हाच मूळचा म्हणून घेतला. एमएसएमटीपी नावाचा याहून सुटसुटीत प्रोग्राम आहे, पण नेट नसेल तर तो स्वतः मेल राखून ठेवत नाही. आमच्याकडे नेट म्हणजे पाहुणा. डीएमए मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

मांडणी दोन छोट्या फाइलींची. पहिलीत मोठ्या टपाल कार्यालयाचा पत्ता, म्हणजे स्मार्टहोस्ट (माझ्यासाठी जीमेलचा एसएमटीपी सर्व्हर), आणि पोर्ट 587. दुसरीत एकच ओळ: मेलपत्ता, उभी रेघ, सर्व्हरचं नाव, विसर्गचिन्ह, पासवर्ड. ही फाइल सगळ्यांना वाचता येता कामा नये. आणि पासवर्ड आपला रोजचा नाही. साध्या जीमेल खात्याला मे 2022 च्या अखेरीपासून तो अशा प्रोग्रामकडून चालत नाही. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो.

माझी एक अख्खी संध्याकाळ गेली ती दोन ओळींपायी. सुरक्षित जोडणीची 'सिक्युअरट्रान्सफर' ही ओळ मी चालू केली, पण 'स्टार्टटीएलएस' समोरचं # चिन्ह काढायचं राहिलं. 587 वर दोन्ही लागतात. आधी साधं बोलणं सुरू करायचं, मग कुलूप लावायचं. 465 वर पहिल्यापासूनच कुलूप, तिथे दुसरी ओळ नको. 'मेलक्यू' लिहिलं की रांग दिसते, तिथे माझे सात चाचणी मेल अडकून बसले होते. # काढलं आणि सातही एकदम फोनवर. घरचे म्हणाले, "एवढे कुणाचे मेल येतायत?" म्हटलं, शाळेच्या संगणकाचे.

क्रॉनच्या यादीत वर 'मेलटू' लिहून माझा पत्ता दिला. एक गोष्ट मात्र तुम्हीही करा. फक्त चुकीचा मेल येणार असेल, तर मेल न येणं म्हणजे सगळं ठीक की सगळंच बंद, हे कळत नाही. म्हणून दर शनिवारी प्रत झाली तरी किती फाइली गेल्या त्याचा मेल येतो. शनिवारी तो आला नाही तर सोमवारी आधी संगणक, मग परिपाठ.

ती मुलगी एप्रिलमध्ये परत आली. जुने आवाज गेल्याचं मी तिला आणि तिच्या आईला सांगितलं. आई म्हणाली, "आता वाचतीया ते घ्या की, बाई." घेतलं. त्या शनिवारच्या मेलमध्ये फाइलींचा आकडा एकने वाढला होता.