बुवाची उजवी बाजू

आमच्या बुवाला एका दिवसात एकाच बाजूने विंचरता येत असे. आज डावी, तर उजवी उद्या. एक बाजू झाली की तो उठायचा, अंग झाडायचा आणि गॅलरीतून सरळ आत निघून जायचा. मग कितीही चुचकारा, बिस्किट दाखवा, दुसऱ्या बाजूला कंगवा लावू द्यायचा नाही. त्यामुळे आमचा कुत्रा कायम अर्धाच विंचरलेला असे. असं का, ते आम्हाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

तो आमच्याकडे आला २००३ साली. ओळखीतलं एक कुटुंब बदली होऊन चाललं होतं, त्यांनी सोपवला. पांढरा, झुपकेदार, हनुवटीखाली दाढी, म्हणून बुवा. आम्ही मुलुंड पूर्वेला मिठागर रोडजवळ राहत होतो. आदल्याच वर्षी बाबांचा कारखाना बंद पडला होता. भांडुप-मुलुंडच्या पट्ट्यात, लाल बहादूर शास्त्री मार्गावर तेव्हा एकामागून एक भोंगे बंद होत होते आणि त्या जागांवर मॉल आणि टॉवर उभे राहत होते. बाबांचा सगळा जन्म टूलरूममध्ये गेलेला. आई पालिकेच्या शाळेत शिक्षिका, घर तिच्या पगारावर चालू लागलं. मामाने आपल्या दुकानात गल्ल्यावर बसायला बोलावलं. बाबा नाही म्हणाले. आई म्हणाली, माझ्या भावाचं अन्न कडू लागतं का? त्या दिवसापासून दोघांचं बोलणं कामापुरतं उरलं. दूध आणलं, बिल भरलं, किल्ली शेजारी दिली आहे, इतपतच.

बुवाला विंचरायचं काम आधी बाबांनी अंगावर घेतलं. रिकाम्या हातांना काहीतरी हवं होतं, असं मला आता वाटतं. माझी लेक हल्ली कुत्रा आणू या म्हणून मागे लागली आहे. विंचरायचं कसं, असं ती विचारते तेव्हा मला बाबांचे ते हात दिसतात. जट दिसली की ते आधी कंगवा बाजूला ठेवायचे. बोटांनी जट हळूहळू सोडवायची, अगदीच घट्ट असेल तर खोबरेल तेलाचं बोट लावायचं. मग केस मुळाशी चिमटीत धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकापासून सुरुवात करून मुळाकडे यायचं. जटा असताना आंघोळ घालायची नाही, पाण्याने त्या आवळतात. कानामागे, काखेत आणि मांडीच्या आत सगळ्यांत जास्त गुंता असतो आणि माणसं नेमकी तेवढीच जागा सोडतात. पावसाळ्यात पायाची बोटं फाकवून आतलं पुसून कोरडं करायचं, तिथेही गोचीड बसते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुताच्या हिशेबात काम केलेला माणूस, त्याला हाताखालची वस्तू कुठे अडते आहे ते कळत असणार.

मग कधीतरी आईनेही कंगवा घेतला. बाबांची एक बाजू झाली होती, दुसऱ्या दिवशी ते रोजगाराच्या कुठल्याशा रांगेत होते, म्हणून तिने डावी बाजू विंचरली. तेव्हापासून वाटणी पडली ती पडलीच. डावी आईची, उजवी बाबांची. आणि त्यासाठी रोज संध्याकाळी एकमेकांना सांगावं लागायचं.

"डावी झाली."

"कानामागे?"

"पाहिलं. एक गोचीड होती, काढली."

"उजव्या पायाचं नख वाढलंय. लादीवर टकटक वाजतंय."

एवढंच. पण मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून हे ऐकत बसायचे. आमच्या घरात त्या वर्षभरात याहून लांब संभाषण होत नव्हतं.

बाबांचा हट्ट एका उन्हाळ्यात सगळ्या बिल्डिंगने पाहिला. मे महिना, घामाच्या धारा, आणि जो तो म्हणतोय, एवढे केस, बिचाऱ्याची हजामत करून टाका. आईलाही ते पटलं. बाबा हटले नाहीत. बुवासारख्या झुपकेदार कुत्र्यांच्या केसांना दोन थर असतात, आतल्या मऊ थरात हवा अडकते आणि ती बाहेरची उष्णताही अडवते. मुळापासून भादरलं तर कातडी उघडी पडते, आणि केस पुन्हा तसेच येतील याची खात्री नसते. गळून आलेले आतले केस तेवढे विंचरून काढायचे, म्हणजे वारा आत शिरतो. मे महिनाभर बाबा आपल्या पाळीला जास्त वेळ विंचरत बसायचे, आणि दुपारी हॉलमधला एकमेव पंखा बुवाच्या वाट्याला. आई चिडून स्वयंपाकघरात काम करायची. मी तेव्हा आईच्या बाजूने होते. आज विचारलंत तर बाबांचंच बरोबर होतं असं सांगेन, पंख्यासकट.

२६ जुलै २००५, मंगळवार. बाबांना साकीनाक्याला एका लहानशा वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं, पगार जुन्याच्या निम्म्याहून कमी. दुपारी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला ७३; पण हे आकडे नंतरचे. त्या संध्याकाळी आम्हाला एवढंच कळत होतं की लोकल बंद आहेत, फोन लागत नाही, वीज गेली आहे आणि बाबा आले नाहीत.

त्या दिवशी उजव्या बाजूची पाळी होती. नेहमीच्या वेळेला बुवा गॅलरीत जाऊन आडवा झाला, उजवी बाजू वर करून. आई मेणबत्ती घेऊन त्याच्याजवळ बसली, कंगवा लावला. तो उठला. दाराशी जाऊन पुन्हा तसाच आडवा झाला, उजवी बाजू वर. आई तिथे गेली, तो पुन्हा उठून गॅलरीत. असं बऱ्याचदा झालं. शेवटी आई दारातच बसून राहिली, कंगवा हातात. जिन्यात पाऊल वाजलं की दोघंही मान वर करायचे. कुणी ना कुणी घरी परतत होतं, कुर्ल्याहून, घाटकोपरहून, कंबरभर पाण्यातून. खालच्या मजल्यावरचे काका आले, समोरची मुलगी आली. आई प्रत्येकाला विचारत होती, साकीनाक्याकडचं काही कळलं? मला तिने दोनदा झोप म्हणून दटावलं. पहाटे ती बुवाला म्हणाली, "मी काय काय बोलले रे त्यांना." बुवाचे डोळे दाराकडेच होते.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. असल्फावरून घाटकोपर, तिथून हायवेने चालत. मांड्यांपर्यंत चिखल. बुवा झेपावला आणि त्यांचे पाय चाटायला लागला, तसे बाबा जोरात ओरडले, "हट्! दूर हो!" एवढ्या जोरात ते त्याच्यावर कधीच ओरडले नव्हते. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण ते सरळ मोरीत गेले, साबणाने पाय तीनतीनदा धुतले आणि तिथूनच म्हणाले, "उंदीर मेलेत त्या पाण्यात. त्याचं तोंड आधी पूस." पुढच्याच महिन्यात मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली आणि किती माणसं गेली.

मग कोरडा लेंगा घालून ते गॅलरीत बसले. बुवाने उजवी बाजू वर केली. बाबांनी विंचरली, नेहमीसारखी, टोकापासून मुळाकडे. ती झाल्यावर बुवा उठला, अंग झाडलं, निघून गेला. बाबा कंगव्यातले केस काढत राहिले. आई चहा घेऊन आली आणि उभी न राहता त्यांच्याशेजारी खाली बसली. "जेवलात कुठे?" तिने विचारलं. मग बाबा बोलायला लागले. साकीनाक्याला दरड कोसळली होती, झोपड्यांवर. ते रात्रभर तिथे होते, दगडमाती उचलत. ते पुष्कळ वेळ बोलले. मी आतून ऐकत होते, पण थोड्या वेळाने तिथून उठले, कारण ते माझ्यासाठी नव्हतं.

बुवा २०१६ मध्ये गेला. मालाडला पालिकेची प्राण्यांसाठीची दाहिनी आता झाली, तेव्हा ती नव्हती. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला अंत्यसंस्कारासाठी परळला नेलं. निघण्याआधी आईबाबांनी त्याला दोन्ही बाजूंनी विंचरलं. मी ते पाहिलं नाही, मला पाहवलं नसतं.

आता लेकीच्या हट्टावरून घरात दोन तट पडले आहेत. तिला बर्फाळ देशातला केसाळ, निळ्या डोळ्यांचा कुत्रा हवाय. बाबा ऐकायला तयार नाहीत. मुंबईच्या दमट हवेत तसला प्राणी आणणं म्हणजे त्याला छळणं, असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही. कंपाउंडमधल्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत, त्यातलंच एक घ्या, आखूड केसांचं, इथल्या हवेतलं. लेक जवळजवळ तयार झाली आहे. अडून बसली आहे ती आई.

"आखूड केसांचं?" ती बाबांना म्हणते. "मग संध्याकाळी आपण दोघांनी करायचं काय?"

"अगं, गोचीड तर त्यालाही बघावीच लागते," बाबा म्हणतात.

"दोन्ही बाजूंनी?"

"दोन्ही बाजूंनी."

आई अजून हो म्हणालेली नाही.