न दिलेली रेघ

दहावीच्या भूमितीतली स्पर्शिका म्हणजे डोंबिवली लोकलमधली चौथी सीट! बाकाला एकाच बिंदूत टेकायचं. आत सरकलात की झालात छेदिका. मग उरलेले तिघे तुमचं ‘इति सिद्धम्’ करतात.

हीच स्पर्शिका परवा आमच्या कन्येला छळत होती. त्रिज्या ५ सेंमी, केंद्रापासून १३ सेंमीवर एक बिंदू. तिथून काढलेला स्पर्शिकाखंड किती?

“बाबा, यात दिलंय काय?”

“न दिलेली रेघ काढ. केंद्र आणि स्पर्शबिंदू जोड.”

जोडताच काटकोन झाला, पायथागोरस धावून आला, उत्तर १२!

बँकेत वर्षानुवर्षं छापील रकाने भरणाऱ्या माझ्या तोंडी हे वाक्य ऐकून कन्या म्हणाली, “मग बढतीच्या परीक्षेचा फॉर्म भरा की!”

म्हटलं, “पुढचं गणित घे.”