मुकादम अंगणात येतो तेव्हा

बीड,
पितृपंधरवडा

चि. भाचीस,


कथा वाचली. उचलीचा, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम हंगामाआधी आगाऊ पैसे देतो तो प्रसंग तू निवडलास, हे फार बरं केलंस. दसऱ्याच्या आधी आपल्या धारूर-वडवणीकडं, पाटोदा-शिरूरकडं हा प्रसंग घरोघर घडतो, आणि त्यात सगळं बोलण्यावरच चालतं. तुझी पात्रं मात्र बोलत नाहीत, निवेदनं देतात. नवरा मुकादमाला म्हणतो, "तुम्ही आमचं शोषण करता." ज्याच्याकडून पैसा घ्यायचाय, त्याच्या तोंडावर असं कोण बोलतं गं?

संवाद लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरव : कोण काय घ्यायला आलाय आणि कोण काय सांगणार नाही. मुकादमाला कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, बांधून ठेवायचाय. दुसरा कुणी जास्त उचल देऊन पळवील, किंवा हेच लोक पैसे घेऊन हंगामाला येणार नाहीत, ही त्याची धास्ती. ती तो दाखवणार नाही. तूही त्याला नुसता राक्षस करू नकोस. तो बहुतेक वेळा त्याच गावचा, नात्यातला असतो. नवऱ्याला रक्कम वाढवून हवीय आणि मागची बाकी निघायला नकोय. आणि बायको? तुझ्या कथेत ती चहा देऊन आत जाते. प्रसंग खरा तिचाच आहे.

उचल नवरा-बायको दोघांच्या अंगमेहनतीवर ठरते, बोलणी पुरुष करतात. आणि बाईच्या अंगावर काय बेततं, ते आकड्यांत आहे. 2019 साली सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी आली. 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तुझ्या कथेतल्या बाईचीही काढलेली आहे, पण ते तू निवेदनात सांगून टाकलंस. ते लपव. तिघांनाही ठाऊक असू दे आणि कुणी उच्चारू नये. असं बघ :

"बैलं कशी हायती औंदा, नाना?"
"बरी हायती. एक जरा लंगडतो."
"त्याचं बघू. वैनीची तब्येत?"
"तिला काय झालंय? धडधाकट हाय."
"मंग मागच्यापेक्षा धा वाढवून देतो."
"भाऊजी, औंदा आर्धाच कोयता लिव्हा."

एवढ्यात नवऱ्याचं खोटं उघडं पडलं, उचल निम्म्यावर आली आणि बाईनं दुखण्याचा शब्दही काढला नाही. हे शेवटचं वाक्य आधी सापडलं पाहिजे. बाकीची पाच त्याच्याकडं नेणारी. रामराम, पाऊसपाणी, चहा हे गाळ. बैलापासून सुरू केलं की वाचक आपोआप अंगणात येतो. रक्कम एकदाच येऊ दे, आणि ती मुकादमाच्याच तोंडून.

मुकुंदराजांच्या विवेकसिंधूतही गुरू-शिष्यांचा संवाद आहे. त्यांची समाधी आपल्या अंबाजोगाईत दाखवतात. त्या संवादात विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते. ग्रंथाला ते शोभतं. कथेत दोघांना एकच हवं असलं की वाचक जांभई देतो.

बोलीचं एक. प्रत्येक शब्द मोडून लिहू नकोस. "मपलं", "कव्हा", "लई" असे मोजके शब्द पुरतात, लय बरोबर असली तर. आणि निवेदन प्रमाण भाषेत नि माणसं तेवढी गावंढळ, असं दिसू लागलं तर दोष आपला. तसं दिसलं तर निवेदनच गावाकडं सरकव.

बायकोच्या त्या वाक्यानंतर मुकादम काय बोलतो, ते मी मुद्दाम लिहिलेलं नाही. तो वाईट वाटून घेईल, की बैलावर परत येईल? मला दुसरं पटतं, पण कथा तुझी आहे. दसऱ्याच्या आत तेवढं पान लिहून पाठव. एकदा गाड्या निघाल्या की ज्यांना वाचून दाखवायचं ती माणसं गावात राहत नाहीत.

तुझा,
मामा