कोर्लईचा पूल आणि घरची बोली

रेवदंड्याहून मुरुडकडे निघालं की कुंडलिकेच्या खाडीवर साळावचा पूल लागतो. आपण समुद्राकडे बघत बघत तो कधी ओलांडतो, कळतही नाही. पण त्याच्या दोन बाजूंना काय आहे हे समजल्यापासून तो पूल काही माझ्या डोक्यातून जात नाही.

अलीकडे रेवदंड्याचा किल्ला. आत नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांच्या जुन्या चर्चचे अवशेष, पडक्या भिंती, उंच सातखणी मनोरा. पलीकडे कोर्लई. तिथलं माउंट कार्मेलचं चर्च मात्र नांदतं आहे. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले, पण कोर्लईतल्या ख्रिस्ती कुटुंबांची बोली राहिली. पोर्तुगीज शब्द, वाक्याची ठेवण बरीचशी मराठी. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची बोली'.

एका छोट्या गावाने ती अडीचशेहून जास्त वर्षं जपली. मध्ये खाडी होती, आणि १९६० च्या दशकापर्यंत चर्चमध्येही पोर्तुगीज होती. मग मिस्सा मराठीत आली, शाळा मराठी, आणि १९८० च्या दशकात पूल. आता ही बोली बोलणारे जेमतेम हजारभर.

पूल नको होता असं कोण म्हणेल? अडलेल्या बाईने होडीची वाट बघत बसावं का?

आणि दोष पुलाचाच म्हणावा तर आमचं काय? आम्ही कळवणचे, घरची बोली अहिराणी. बोलणारे लाखो. आमच्या बोलीला ना खाडीचा आडोसा होता, ना कुठल्या नव्या पुलाने ती अचानक उघड्यावर आली. तरी माझी आई नातीला विचारते, "काय करी राह्यनी वं?" आणि नात उत्तर देते, "काही नाही आजी, अभ्यास." कळतं तिला सगळं. बोलत नाही.

कोर्लईच्या हजार माणसांकडे बघून वाटतं, बोली आकड्यांवर जगत नाही. विचारलेल्या प्रश्नाला त्याच बोलीत उत्तर आलं तर जगते.

असो. दिवाळीत सगळे कळवणला जमणार आहोत. काका, आत्या, मावश्यांना एकच विनंती : पोरांशी अहिराणीतच बोला. आणि त्यांनी मोडकीतोडकी बोलली, तर हसू नका.